झिऱ्याचं पाणी आणि मास्तरांचं फुलपात्र

मास्तर, तुमचं फुलपात्र माझ्याकडे आलं आहे.

तुमच्या वहिनींनी ते चिमट्याने उचलून ओसरीच्या कडेला ठेवलं. बाकीची भांडी घासून मांडणीवर गेली, हे मात्र बाहेर. "न्यायचं तर ने बाबा," त्या म्हणाल्या. "यातून त्यांनी कोणाकोणाचं पाणी प्यायलं ते त्यांनाच ठाऊक." बोलताना रडत होत्या. रडता रडताही चिमटा सुटला नाही. मला राग आला, पण तुम्ही असतात तर म्हणाला असतात, तिचं दुःख खरं आहे आणि चिमटाही खरा आहे, दोन्ही लिहून ठेव. म्हणून लिहून ठेवतो आहे.

तेव्हापासून मी पाणी प्यायलो की कानामागे आवाज येतो. "चव सांगा."

भुताखेतांविरुद्ध मी पत्रक लिहिलं होतं आणि त्याच्या चुका तुम्हीच दुरुस्त करून दिल्या होत्या. त्यामुळे हे भूत आहे असं मी म्हणणार नाही. पण घोट घशाखाली उतरायच्या आत मी थांबतो, जीभ टाळूला लावतो आणि उत्तर शोधतो. वर्गात उभा राहिलेला पोरगा शोधतो तसा. उत्तर सापडतं. ते ऐकायला कोणी नसतं.

तुमच्याकडे जे शिकले नाहीत त्यांना हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. अमरावतीच्या शाळेत आम्हा होऊ घातलेल्या मास्तरांना तुम्ही सृष्टीचे धडे द्यायचात. कुठल्या भूमीवर कुठलं झाड, कुठला प्राणी, आणि तो तिथे जगतो कसा, एवढाच विषय. पण तो भिंतीच्या आत शिकवायला तुम्ही तयार नव्हता. दरवर्षी आम्हाला पायी घेऊन निघायचात, कधी मेळघाटात, कधी कुरणांवर, तर कधी पूर्णेकाठच्या खाऱ्या पट्ट्यात, खारपाणात. आणि कुठेही पोचलो की पहिलं काम ठरलेलं. तिथलं पाणी या फुलपात्रात घ्यायचं, सगळ्यांनी वरून घोट घोट प्यायचं, चव सांगायची. चव सांगितल्याशिवाय धडा नाही. "इथला प्रत्येक जीव या पाण्यावर उभा आहे," तुम्ही म्हणायचात. "तुम्ही ते चाखलंच नाही तर त्याच्याविषयी बोलणार काय?"

मेळघाटात सेमाडोहच्या नाल्यावर आमच्यातल्या एकाने तोंड वाकडं केलं होतं. "मास्तर, हे पानी नाई, काढा हाय!"

"शाबास. कशाचा काढा?"

"पानाचा."

"मग वर बघ."

वर पानंच नव्हती. ऐन उन्हाळ्यात सागाचं अख्खं रान उघडं उभं होतं आणि पायाखाली पानांचा थर होता. एवढी सुपाएवढी पानं झाडाने टाकून का दिली, असं तुम्ही विचारलंत. आम्ही म्हणालो, उन्हाने करपली. तुम्ही मान हलवलीत. पान म्हणजे झाडाचं उघडं दार, त्यातून ओल सतत बाहेर जाते. खाली मुळांना पाणी मिळेनासं झालं की झाड दारं बंद करत नाही, काढूनच टाकतं. झाड मेलेलं दिसतं. मेलेलं नसतं, वाट पाहत असतं.

कुरणावर तर तुम्ही आमची फजितीच केलीत. हिवाळ्यातली ती सकाळ. आसपास ना विहीर ना ओढा. तुम्ही फुलपात्र झोळीतच ठेवलंत आणि म्हणालात, गवत चाटा.

"मास्तर, आमी का ढोरं हाओत?"

"ढोर असतास तर सांगावं लागलं नसतं."

आम्ही गुडघे टेकून दव चाटलं. गार, किंचित तुरट. लांबवर काळविटांचा कळप उजाडताच चरायला लागला होता. त्यांना दिवसचे दिवस पाण्यावर जावं लागत नाही, कारण ती पाणी खातात, गवत ओलं असतानाच. आणि गवताचा जीव जमिनीच्या वर नसतोच. वरचं जळू दे, चरू दे, वणवा येऊ दे, खाली मूळ शाबूत असतं. तेवढ्यात कुठूनसा तो आवाज आला, मडक्यात तोंड घालून कोणी हुंकार द्यावा तसा. तुम्ही बोट ओठावर ठेवलंत. हूम पक्षी, म्हणजे माळढोक. माणसाच्या कमरेएवढा उंच आणि तरी गवतात दिसेना. त्याचं घरटंही नसतं, उघड्या जमिनीवर अंडं घालतो, गवत हीच त्याची भिंत.

ते कुरण आता नाही. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आमच्या काळ्या जमिनीला सोन्याची कळा आली. जिथे नांगर कधी शिरला नव्हता तिथे कपाशी उभी राहिली. यावरून आपलं भांडण झालं होतं, आठवतं? मी म्हणालो होतो, गवताने कोणाचं पोट भरतं? नांगरणीने माणसांना मजुरी मिळते. तुम्ही म्हणालात, "मिळू दे. मी नांगर थांबवा म्हणत नाही. फक्त आपण काय मोडतो आहोत ते मोडताना माहीत असावं." मला ते मिळमिळीत वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं. पण परवा दिवेलागणीला त्याच वाटेने अमरावतीला जात होतो. दोन्ही बाजूंनी कपाशी. आणि हुंकार आला. एकदाच. मी गाडीवरून उडी मारून बांधावर उभा राहिलो. गाडीवान म्हणाला, "काय झालं भाऊ?" त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. आता मला सांगता येत नाही, की तो पक्षी खरंच होता, भिंत मोडलेल्या घरात परत आलेला, की मीच तुम्हाला बोलावत होतो.

पण मला बोलायचं आहे ते खारपाणाविषयी.

माझी नेमणूक पूर्णेकाठच्या त्या गावच्या शाळेत झाली तेव्हा मी खट्टू झालो होतो. अकोल्याच्या माळ्याचं पोर मी. मोर्णेकाठच्या मळ्यात वाढलो. बापाला वाचता येत नव्हतं, पण मुंबई-पुण्याची पत्रकं तो भाजीच्या टोपलीत घालून घरी आणायचा आणि मला वाचायला लावायचा. त्या पत्रकांनीच मला भांडायला शिकवलं. आणि आता या गावी आलो, जिथे विहिरीचं पाणी डाळसुद्धा शिजू देत नाही! तुम्ही मात्र खूश झालात. पुढच्या उन्हाळ्यात नवी पोरं घेऊन तुम्ही थेट माझ्याच शाळेत उतरलात आणि माझे विद्यार्थीही त्यात सामील करून घेतलेत.

तुम्ही आम्हाला भेगाळलेली जमीन दाखवलीत. भेगेत हात घालून एकाने बेडूक बाहेर काढला, मातीसारखा, मातीइतकाच कोरडा. पाऊस येईपर्यंत तो तसाच आत राहतो, तुम्ही सांगितलंत. बांधावरची घोळभाजी मोडून दाखवलीत. जाड पानात पाणी, तिने आपली घागर अंगातच भरून ठेवलेली. आणि मग ते वाक्य बोललात, जे मी तेव्हापासून मनात घोळवतो आहे. "प्रत्येक भूमी एक प्रश्न विचारते. तिथला प्रत्येक जीव हे त्या प्रश्नाचं एक उत्तर असतं."

मी सगळ्यांसमोर विचारलं, "मग ती उत्तरं कोणत्या प्रश्नाची?" आणि नदीकडे बोट दाखवलं.

नदीच्या कोरड्या पात्रात महारवाड्यातल्या बाया वाळू उकरत होत्या. गावच्या विहिरीवर त्यांना येऊ देत नाहीत. त्या पात्रात हातभर झिरा खणतात आणि वाटीवाटीने पाणी काढतात. "बेडकाला भेगेत जमिनीने घातलं," मी म्हणालो. "यांना वाळूत गावाने घातलं. हेही सृष्टीच्या धड्यात येतं का मास्तर?"

माझ्या विद्यार्थ्यांपुढे मी तुम्हाला निरुत्तर केलं म्हणून मला त्या क्षणी फार बरं वाटलं. तुम्ही उठलात, झोळीतून फुलपात्र काढलंत आणि पात्रात उतरलात. आम्ही सगळे मागे.

झिऱ्यापाशी धुरपताबाई बसली होती. वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई, नवऱ्यामागे घर चालवणारी, जिभेला तिखट. तुम्ही ओणवे झालात तशी ती गडबडून मागे सरली आणि म्हणाली, "नोका पेऊ मास्तर. तुमचं काई नाई जानार. आमच्यावर येईन."

तुम्ही प्यायलात. मग नेहमीसारखं वळलात आणि म्हणालात, "गोड आहे. खाऱ्या भूमीत गोड पाणी. काहून?" हा आमचा शब्द तुम्हाला फार आवडायचा. पुण्याकडच्या जिभेने तो उच्चारलात की पोरं हसायची. त्या दिवशी कोणी हसलं नाही. मग तुम्हीच समजावलंत. पावसाचं गोड पाणी हलकं, ते वाळूत मुरून वर राहतं. खारं पाणी जड, ते खाली. वरवर उकराल, थोडं थोडं घ्याल, तर गोड मिळेल. हावरटासारखं खोल खणाल तर खारं लागेल. गावची विहीर खोल आहे म्हणून खारी आहे. या बायांचा झिरा उथळ आहे म्हणून गोड आहे.

मी फुलपात्र घेतलं आणि प्यायलो. माझ्या मागून फक्त दोघांनी घेतलं. बाकीचे वाळूकडे बघत उभे राहिले.

परतताना मी म्हणालो, हे मी छापणार. याचं पत्रक काढणार. तुम्ही म्हणालात, नाही.

त्या एका शब्दावर आपण अमरावतीपर्यंत भांडलो. कापसाच्या गाडीवर बसून, गाठोड्यांवर रेलून, धूळ खात. तुमचं म्हणणं साधं होतं. छापलंस तर पुढच्या वर्षी बाप पोरांना पाठवणार नाहीत. दोघं प्यायले, पुढच्या वर्षी चौघं पितील. पत्रकाने एकही पिणार नाही. "मला धडा शिकवू दे," तुम्ही म्हणालात. "माझंच पत्रक करू नकोस." मी म्हणालो, "असं चौघा-चौघांनी वाट पाहत राहिलो तर त्या बाया वाळू उकरत मरतील. साग पानं टाकून वाट पाहतो ते ठीक आहे, त्याला पावसाचा भरवसा आहे. यांना कशाचा आहे?" तुम्ही म्हणालात, "हा प्रश्न चांगला आहे." मला चांगला प्रश्न नको होता मास्तर. मला तुमचा होकार हवा होता.

अमरावतीच्या कापूस बाजारात गाडी थांबली. गाड्याच गाड्या, मुलुखभरचे गाडीवान, बैल, शेण, उडणारी रुई. मधोमध एका व्यापाऱ्याने धर्मार्थ बांधलेली नवी विहीर. घडीव दगड, सुंदर पायऱ्या, वर पाणी वाढायला ब्राह्मण ठेवलेला. तहानेने तुमचा घसा सुकला होता. तुम्ही फुलपात्र भरून घेतलंत, प्यायलात, पुन्हा भरून घेतलंत. "गोड," तुम्ही म्हणालात. "फार गोड." आणि मग फुलपात्र माझ्यापुढे धरलंत. "चव सांग."

मी घेतलं नाही. मी रागात होतो. मी पाठ फिरवली आणि तडक छापखान्याकडे चालू लागलो.

तुम्हाला पटकी झाली, जुलाब-ओकाऱ्या थांबेनात, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. मी आलो तेव्हा तुमचे डोळे खोल गेले होते, पण ओळखत होता. तुम्ही काहीतरी म्हणालात. ओठ हलले, शब्द फुटला नाही. तो शब्द कोणता होता? छापू नकोस, की छाप? मी किती प्रकारे तो लावून पाहिला आहे. तुमच्या ओठांचा आकार मला अजून दिसतो. त्यात दोन्ही बसतात.

वैद्य म्हणाले वारा बिघडला. शेजारी म्हणाले मरीमायचा कोप. मी एवढंच जाणतो की त्या आठवड्यात बाजारातली कितीतरी माणसं गेली, आणि जे फुलपात्र तुम्ही माझ्यापुढे धरलं होतं ते मी रागाने घेतलं नाही, म्हणून मी आज हे लिहितो आहे. या गोष्टीचं मी काय करू, ते मला अजून कळलेलं नाही.

आता तुम्ही गेल्यानंतरचं सांगतो.

मी गावी परतलो तो झिऱ्यावर बाभळीचे काटे पडले होते. बातमी माझ्याआधी पोचली होती. मोठ्या मास्तरानं बाटगं पानी पेलं अन् मेला. नदीच्या वरच्या अंगाला वस्तीने कुठेही उकरायचं नाही असा गावाने हुकूम काढला. खालच्या अंगाला उकरा म्हणे. तिथे वाळूचा थर पातळ, उकरलं की लगेच खारं पाणी. ऐन उन्हाळा. वस्तीतली लेकरं ते पाणी पिऊन ओकत होती.

मी धुरपताबाईकडे गेलो. सांगितलं, मी पत्रक लिहितो, सगळ्या वऱ्हाडाला कळवतो. तिने पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं मला. "मोठे मास्तर पेले, तवा मी काय म्हनलं होतं? मोठे मास्तर मोठे झाले. पानी आमचं बदनाम झालं. आता तुमी कागद काढनार. तो कागद काय पेता येते लहाने मास्तर?"

तुमच्यावर मी तेव्हा चिडलो. गेलेल्या माणसावर चिडता येतं हे मला माहीत नव्हतं. तिने तुम्हाला आधीच सांगितलं होतं ना? तुम्ही ऐकलं नाहीत. तुमच्या घोटाची किंमत ती लेकरं देत होती. आणि लगेच हेही कळत होतं, की तो घोट तुम्ही घेतला नसता तर मी आज तिच्या दारात उभाही नसतो.

मी चावडीवर गेलो. पाटील सुपारी कातरत होते. माणूस वाईट नाही. शाळेचं छप्पर त्यांनीच शाकारून दिलं. म्हणाले, "मास्तर, तुमी शिकले-सवरले हा. पर त्या पान्यानं तुमचा मास्तर गेला, हे साऱ्या गावाले ठावं हाय."

"मग रोज पिणारी वस्ती काहून नाही गेली?"

मग पाटील हसले. "त्याईले सवय हाय ना. तुमचाच मास्तर सांगे, ज्या जागचा जीव त्या जागच्या पान्यावर जगते. आमचं पोरगं घरी येऊन सांगत होतं. साग तिथं, हरीन तिथं, बेंडूक तिथं. मंग हे तिथं. जो तो आपल्या जागी."

ऐकलंत मास्तर? तुमचाच धडा, तुमच्याच शब्दांत, आणि त्यातून काय उगवलं होतं! हेच मी तुम्हाला नदीकाठी विचारलं होतं. तुम्ही उठून पाणी प्यायलात, पण तोंडाने उत्तर दिलं नाहीत. आता उत्तर मला द्यायचं होतं, आणि तुम्ही बसलेले दिसत होता चावडीच्या खांबाशी, फुलपात्र मांडीवर घेऊन.

"मी त्या जागचा जीव नाही," मी म्हणालो. "मी अकोल्याचा. मोर्णेचं पाणी पिऊन वाढलो. मला सवय नाही. मी पितो. रोज तेवढंच पितो, दुसरं नाही. मी मेलो तर तुमचं खरं. जगलो तर काटे काढायचे."

पाटलांनी सुपारी तोंडात टाकली. "बाजारच्या दिवसापर्यंत उभे ऱ्हायले, तर काढू."

मग ते दिवस. माझं पोट गावाचं झालं. मी रस्त्याने निघालो की लोक माझी चाल बघायचे. न्हावी म्हणाला, "मास्तर, तोंड सुकेल दिसून राह्यलं." म्हटलं, उपाशी आहे. खरंच होतो, कारण त्या पाण्यानंतर मला कोणी वाढेना आणि माझ्या भाकऱ्या मला शेकता येत नव्हत्या. शाळेत चारच पोरं यायची, आणि तीही शिकायला नाही, माझा अंत बघायला. रोज सकाळी झोपडीबाहेर काठी आपटायची. धुरपताबाई.

"हाय का जित्ते?"

"हाव माय, आहे."

"मंग ऱ्हा. आमचं पानी तुमच्या पोटावर हाय."

आणि वाळूतून गुपचूप काढलेली लोटी ठेवून जायची.

एका दुपारी कळ आली. आतड्याला पीळ पडला आणि मी भिंतीला टेकून बसलो. घाम. मला वाटलं, झालं. मरायची भीती वाटली, पण त्याहून मोठी भीती ही, की मी अर्धकच्ची भाकरी खाऊन मेलो तरी नाव झिऱ्याचं होईल. तुम्ही त्या वेळी फार जवळ होता. समोर बसला होता म्हणत नाही. पण माझी जीभ टाळूला लागली आणि मी मोठ्याने म्हणालो, "गोड आहे मास्तर." रिकाम्या खोलीत. सागाचं उघडं झाड मला आठवत राहिलं. दारं काढून टाकून नुसतं उभं राहायचं. तुमच्याशी भांडताना जे मला शरण जाणं वाटत होतं, ते त्या दुपारी मी स्वतः करत होतो, आणि त्यात शरण जाण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळपर्यंत कळ गेली. भाकरीच होती.

बाजारच्या दिवशी मी उभा होतो. पाटलांनी शब्द पाळला. त्यांच्या गड्याने लांब काठीने काटे ओढून बाजूला केले. धुरपताबाईने वाळू उकरली, पाणी यायची वाट पाहिली, पहिली वाटी लेकरांना दिली.

गावाचं मत बदललं असं समजू नका. दुसऱ्याच दिवशी पिंपळाखाली ऐकलं, "मोठ्या मास्तराचा चेला हाय तो. त्याले मंतर येते." एवढं सगळं करून मी मांत्रिक ठरलो! पाणी चांगलं आहे हे कोणी म्हटलं नाही. भुताखेतांविरुद्ध पत्रक लिहिणाऱ्याचं हे असं झालं. तुम्ही किती हसला असतात. पण झिरा उघडा आहे. पाऊस येऊन नदी तो पुसून टाकेपर्यंत उघडा राहील, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तो उकरायचा, पुन्हा त्याच्यासाठी उभं राहायचं.

तर आपल्या भांडणात तुम्ही जिंकलात असं मी इथे लिहून थांबलो असतो. पत्रकाने काटे निघाले नसते, हे मान्य.

पण मास्तर, नंतर मी अमरावतीला आलो. फुलपात्र घेऊन त्या विहिरीवर गेलो. मला तुमचा धडा पुरा करायचा होता. ज्या पाण्याची चव सांगायची राहून गेली, ती सांगायची होती.

पाणी कुठून येतं ते आधी बघा, असं तुम्हीच शिकवलंत. म्हणून मी विहिरीभोवती फिरलो. मागच्या बाजूला बैलांचा हौद आहे. तिथे गाडीवान अंघोळी करतात, आजारी माणसांची कांबळीही तिथेच धुतात. हौद भरून वाहतो, आणि ते पाणी घडीव दगडांच्या फटीतून, हिरव्या शेवाळाची एक रेघ ओढत, परत विहिरीत उतरतं. सुंदर विहीर. त्या रेघेकडे कोणाचं लक्षच नाही, कारण या पाण्यावर संशय घ्यायचं कोणाला काही कारणच नाही. त्याला महारवाड्यातल्या कोणी शिवलेलं नाही ना! पुढे रांग उभी होती. गाडीवान, हमाल, लेकुरवाळ्या बाया.

त्या पाण्यानेच तुम्ही गेलात, हे मी सिद्ध करू शकत नाही. वैद्य वारा म्हणतात, ते माझ्याहून शिकलेले आहेत. मी फक्त एवढं जाणतो, की वाळूतलं पाणी पिऊन मी जगलो आणि इथलं पिऊन तुम्ही जगला नाहीत. इथे मी पिऊन दाखवलं तर काय होणार? मेलो तर म्हणतील पटकी आली होती, जगलो तर म्हणतील पाणी अमृत आहे. या विहिरीवर तुमचा धडा चालत नाही मास्तर. इथे कागदच लागेल. तो मी छापतो आहे. झिऱ्याचंही त्यात आहे, विहिरीचंही, तुमचंही. तुमच्या ओठांवरचा तो शब्द मी आता छाप असा वाचायचं ठरवलं आहे. चुकत असेन तर भांडायला या.

पाणी वाढणाऱ्याने माझ्या हातातलं फुलपात्र पाहिलं आणि लोटा पुढे केला. "घ्या ना भाऊ. थंडगार हाय. गोड हाय."

कानामागे तुम्ही म्हणालात, चव सांगा.

मी फुलपात्र पालथं धरलं. या वेळी रागाने नाही. मागे रांगेत कुजबुज झाली, कोणीतरी विचारलं, "काहून हो?" आणि मी त्याच्याकडे वळलो.